डाग चमकला म्हणजे कॅन्सरच का?

मागच्या अंकात मेंदूतल्या गाठींवर थोडं लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली ती जवळजवळ सगळी एकाच जागी येऊन अडकलीत: एमआरआयमध्ये डाग निघालाय, आता पेट नाहीतर स्पेक्ट स्कॅन सांगितलाय, त्यात एकदाचं कळेल ना की साधी गाठ आहे की कॅन्सर? म्हणून यावेळचं पूर्ण सदर याच विषयाला देतेय. मी न्यूक्लियर मेडिसिनची डॉक्टर, शरीरात किंचित किरणोत्सर्गी पदार्थ देऊन केलेले हेच स्कॅन वाचायचं माझं काम, त्यामुळे उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या. पत्रं छोटी केलीत आणि नावं काढलीत.

प्रश्न: आईचं वय ५८. अचानक फीट आली म्हणून एमआरआय केला, उजव्या बाजूला दीड सेंटीमीटरचा डाग आहे. रिपोर्टमध्ये 'ग्लायोमा किंवा इन्फेक्शन, दोन्ही शक्य' असं लिहिलंय. आता पेट स्कॅन सांगितलाय. एवढ्या मोठ्या मशीनला जे कळलं नाही ते या दुसऱ्या मशीनला कसं कळणार?

उत्तर: ग्लायोमा म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींतून होणारी गाठ. एमआरआय मेंदूची घडण दाखवतो. गाठ कुठेय, केवढी आहे, भोवती सूज किती, शेजारच्या कुठल्या भागावर दाब पडतोय, यात त्याचा हात धरणारं दुसरं काही नाही. घोळ होतो तो पुढे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर फार घट्ट असतं, रक्तातल्या बऱ्याच गोष्टी सहजासहजी आत शिरत नाहीत, आणि हे अस्तर जिथे सैल पडतं तिथे एमआरआयचा कॉन्ट्रास्ट झिरपतो आणि तो भाग पांढरा उठून दिसतो. आता अस्तर कॅन्सरने पण सैल पडतं, पू झालेल्या गळवाने पण, क्षयाच्या गाठीने पण, मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारात पण आणि पूर्वी रेडिएशन दिलेल्या जागी पण. कडेने पांढरी रिंग आणि मधे काळं असं चित्र या सगळ्यांत दिसू शकतं, म्हणून रेडिऑलॉजिस्टने प्रामाणिकपणे 'दोन्ही शक्य' लिहिलंय, त्याचा राग धरू नका. एक मात्र बघून घ्या, आईच्या एमआरआयमध्ये डिफ्युजन आणि परफ्युजन (पाण्याची हालचाल आणि रक्तपुरवठा दाखवणारे एमआरआयचेच वेगळे फोटो) केलंय का. पू असेल तर डिफ्युजनमध्ये बऱ्याचदा तिथेच कळतं आणि पुढचा स्कॅन वाचतो.

पेटमध्ये आम्ही शिरेतून एक ट्रेसर देतो, म्हणजे पेशी जे खातात किंवा वापरतात तसलाच एक पदार्थ, त्याला किरणोत्सर्गी अणू जोडलेला. प्रमाण इतकं कमी की शरीराच्या कामात त्याने काही फरक पडत नाही. जिथल्या पेशी तो जास्त ओढून घेतात तिथे तो साठतो, त्यातून पॉझिट्रॉन निघतो, तो लगेच जवळच्या इलेक्ट्रॉनवर आदळून दोघंही नाहीसे होतात आणि त्या जागेवरून दोन गॅमा किरण बरोबर उलट्या दिशांना सुटतात. डोक्याभोवतीचं कडं ते दोन्ही एकाच क्षणी पकडतं आणि त्यावरून जागा काढतं. म्हणजे पेशी तिथे काय काम करतायत त्याचा हा नकाशा झाला.

ही कल्पना सीटी स्कॅनच्या पण आधीची आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९४८ साली अमेरिकेत मिनेसोटाला जॉर्ज मूर या सर्जनने किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेला रंग रुग्णांना देऊन मेंदूतल्या गाठीची जागा शोधायचा प्रयत्न केला होता, आणि माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी झाला तो थेट १९७१ मध्ये. फक्त त्या जुन्या स्कॅनची अडचण हीच होती की ते पण अस्तर कुठे सैल पडलंय तेवढंच दाखवायचे. मग लोक पेशींच्या खाण्याकडे वळले.

प्रश्न: वडिलांच्या पेट रिपोर्टमध्ये 'हायपरमेटाबॉलिक' असा शब्द आहे आणि फोटोत डाग लालभडक दिसतोय. म्हणजे कॅन्सर पक्का ना? घरात कोणी जेवलेलं नाहीये दोन दिवस.

उत्तर: आधी जेवून घ्या सगळे, मग पुढचं वाचा. आणि त्या लाल रंगाकडे बघूच नका. तो कॉम्प्युटरने लावलेला असतो, रंगपट्टी बदलली की तोच डाग हिरवा नाहीतर राखाडी होतो.

तुमच्या वडिलांचा स्कॅन एफडीजीचा दिसतोय. एफडीजी म्हणजे ग्लुकोजची नक्कल, त्याला फ्लोरिन-१८ जोडलेला. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात हे ओटो वॉरबुर्गने १९२० च्या दशकातच दाखवलं होतं, एफडीजी माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं १९७६ मध्ये आणि १९८२ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जोव्हानी दि किरो यांच्या गटाने दाखवलं की जास्त आक्रमक ग्लायोमा जास्त साखर ओढतात. तिथून हा स्कॅन मेंदूच्या गाठींसाठी रुजला. पण मेंदूत एफडीजी वापरणं हे भर दुपारी कंदील शोधण्यासारखं आहे, कारण मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के आणि ग्लुकोज मात्र तो जवळजवळ २० टक्के खातो. निरोगी मेंदूचा राखाडी भाग स्वतःच एवढा चमकत असतो की हळू वाढणारी गाठ त्यात दिसतच नाही. म्हणून आम्ही डाग चमकतोय का एवढंच बघत नाही, कशाच्या तुलनेत चमकतोय ते बघतो: शेजारच्या पांढऱ्या भागापेक्षा (म्हणजे मेंदूच्या आतल्या तंतूंच्या भागापेक्षा) किती, आणि मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या राखाडी भागाइतका आहे की त्याच्यावर जातोय. ढोबळमानाने सांगायचं तर पांढऱ्या भागाच्या आसपास असेल तर गाठ बहुधा मंद, राखाडी भागाला गाठत असेल किंवा ओलांडत असेल तर आक्रमक असायची शक्यता वाढते.

आणि शक्यता वाढते एवढंच म्हणतेय मी, कारण साखर खाणारे फक्त कॅन्सरच्या पेशीच नसतात. इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी) पण भरपूर साखर खातात, त्यामुळे गळू चमकतं, क्षयाची गाठ तर अशी चमकते की नुसत्या एफडीजीवरून तिला कॅन्सर म्हटलं जाऊ शकतं. नुकतीच फीट येऊन गेली असेल किंवा स्कॅनच्या वेळी आतल्या आत चालू असेल तर तो भाग चमकू शकतो, तिथे गाठ नसली तरी. लहान मुलांमध्ये जी पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा नावाची गाठ होते ती ग्रेड १ ची, म्हणजे सगळ्यात कमी आक्रमक, पूर्ण काढली तर सहसा कायमची बरी होणारी, आणि एफडीजीवर ती जोरात चमकते. असा स्कॅन बघून कोणाच्याही पोटात गोळा येईल, पण ती चमक त्या गाठीचा स्वभाव आहे. उलट बाजूने सांगायचं तर शरीराच्या दुसऱ्या कॅन्सरमधून मेंदूत आलेल्या काही गाठी एफडीजीवर अजिबात उठून दिसत नाहीत, आणि ग्लायोमा मंद असेल तर तो थंड, म्हणजे न चमकणारा, दिसतो पण असतो ग्लायोमाच.

तेव्हा 'हायपरमेटाबॉलिक' चा अर्थ एवढाच की तिथल्या पेशी जास्त साखर घेतायत. का घेतायत ते वय, ताप, रक्ताचे रिपोर्ट, एमआरआय, छातीचा फोटो, आधीचे आजार हे सगळं शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ज्याने स्कॅन वाचला त्याला हे सगळं दिलं होतं का हे नक्की विचारा. अनेकदा आमच्या टेबलावर फक्त 'मेंदूत डाग' असे दोन शब्द लिहिलेला कागद येतो. त्यातून रिपोर्ट पण तेवढाच निघणार.

प्रश्न: एका डॉक्टरांनी एफडीजी पेट सांगितला, दुसरे म्हणाले तो नको, एफईटी पेट करा. दोन्ही पेटच ना? फरक काय?

उत्तर: मशीन तेच, आत सोडलेला ट्रेसर वेगळा. आणि मेंदूच्या बाबतीत सगळा खेळ त्या ट्रेसरचाच आहे, हे या सदरात मी जितक्या वेळा सांगीन तितकं कमी.

एफईटी हा टायरोसिन या अमिनो ॲसिडचा भाऊ. गाठीच्या पेशींना प्रथिनं बनवायला अमिनो ॲसिड लागतात, म्हणून त्या आपल्या भिंतीवर त्यांना आत घेणारी दारं वाढवतात, त्यातल्या मुख्य दाराचं नाव एलएटी-१. निरोगी मेंदू मात्र हे अमिनो ॲसिड फार कमी घेतो. मागचा भाग काळोखा राहतो आणि गाठ उठून दिसते, एफडीजीच्या नेमकं उलट. शिवाय ते दारातून आत जातं, अस्तर सैल पडायची वाट बघत नाही, त्यामुळे एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट न घेणारी गाठ पण पकडली जाऊ शकते. याच गटातलं जुनं आणि खूप वापरलेलं नाव म्हणजे मेथिओनिन, पण त्याला जोडतात तो कार्बन-११, जो दर २० मिनिटांनी अर्धा होतो, म्हणजे सायक्लोट्रॉन (असे अणू बनवणारं यंत्र) त्याच इमारतीत हवा. फ्लोरिन-१८ ला अर्धं व्हायला ११० मिनिटं लागतात, तो लांबून आणता येतो, म्हणून एफईटी पसरलं. तिसरं नाव एफ-डोपा, ते पण चांगलं, फक्त मेंदूच्या मधोमध बेसल गँग्लिया नावाचा भाग त्यात आपोआप चमकतो, तर गाठ तिथेच शेजारी असेल तर वाचायला त्रास होतो.

वाचताना आम्ही गाठीतलं प्रमाण भागिले निरोगी भागातलं प्रमाण असा आकडा काढतो. एफईटीमध्ये गाठीची कड आखायला बरेच जण १.६ पट ही रेघ धरतात. पण मला स्वतःला त्या आकड्यापेक्षा आवडतो तो वेळेचा आलेख: इंजेक्शन दिल्यापासून ४०-५० मिनिटं सलग फोटो घेत राहायचं आणि ट्रेसर कसा चढतो-उतरतो ते बघायचं. आक्रमक ग्लायोमात तो बहुतेक वेळा झटकन वर जातो आणि मग उतरायला लागतो, मंद गाठीत सावकाश चढतच राहतो. सगळीकडे हे करत नाहीत कारण मशीन तेवढा वेळ एकाच रुग्णासाठी अडकून राहतं, पण शक्य असेल तर मागा.

२०१६ मध्ये मेंदूच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने जी शिफारस केली त्यात ग्लायोमासाठी एफडीजीपेक्षा अमिनो ॲसिडचा पेट बरा असंच म्हटलंय, त्यामुळे तुमचे दुसरे डॉक्टर मनाने काही सांगत नाहीयेत. तरी हा पण देवाचा कौल नाही. ग्रेड २ च्या ग्लायोमांपैकी साधारण एक तृतीयांश एफईटी घेतच नाहीत, ऑलिगोडेंड्रोग्लायोमा नावाचा प्रकार मंद असूनही भरपूर घेऊ शकतो, गळू किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसचा ताजा डाग थोडाफार चमकू शकतो, आणि फिटा लागोपाठ येत असतील तर मेंदूचा वरचा थर पण. गाठ एक सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर कुठलाही ट्रेसर असो, मशीनची नजरच तिथे कमी पडायला लागते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

प्रश्न: आमच्या हॉस्पिटलमध्ये पेट नाही, स्पेक्ट आहे. थॅलियमचा स्कॅन करू म्हणतायत. जुनं तंत्र आहे असं ऐकलं. भाच्याला एचआयव्ही आहे, मेंदूत दोन डाग आहेत.

उत्तर: जुनं आहे (स्पेक्ट पण ट्रेसरचाच स्कॅन, फक्त त्यात एकेकटा गॅमा किरण पकडतात), पण तुमच्या भाच्याचाच प्रश्न असा आहे की जिथे ते अजूनही कामाला येतं. एचआयव्हीमध्ये प्रतिकारशक्ती फार उतरली की मेंदूत असे डाग येण्याची दोन मोठी कारणं, टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचं इन्फेक्शन आणि लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर), आणि एमआरआयमध्ये दोन्ही अगदी सारखे दिसू शकतात. थॅलियम-२०१ शरीरात पोटॅशियमसारखं वागतं आणि जिवंत, जोमाने चाललेल्या पेशींमध्ये जातं, त्यामुळे लिम्फोमा सहसा चमकतो आणि टोक्सोप्लाझ्मोसिस सहसा थंड राहतो. एफडीजी पेट असता तरी हाच फरक बघितला असता. स्पेक्टचं चित्र पेटपेक्षा जाडंभरडं येतं, म्हणून डाग लहान असेल तर थंड आलेल्या रिपोर्टवर फार विसंबू नका. कोणी थॅलियमऐवजी टेक्नेशियमचं सेस्टामिबी वापरतात, ते पण चालतं, पण मेंदूच्या पोकळ्यांमधला कोरॉइड प्लेक्सस ते आपणहून घेतो, तर डाग त्या पोकळीला चिकटून असेल तर गोंधळ होतो.

एक गोष्ट पोटतिडकीने सांगते. लिम्फोमाची शंका असेल आणि भाचा शुद्धीवर, ठीक असेल, तर बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) व्हायच्या आधी स्टिरॉइड सुरू करण्याची घाई करू नका असं डॉक्टरांशी बोला. स्टिरॉइडने लिम्फोमा काही दिवसांत विरघळल्यासारखा होतो, मग स्कॅनमध्ये पण दिसत नाही आणि तुकड्यात पण सापडत नाही, आणि काही आठवड्यांनी परत येतो. सूज जिवावर बेतत असेल तर अर्थातच द्यावंच लागतं, तो निर्णय त्यांचा.

प्रश्न: भावाचं ग्लायोब्लास्टोमाचं (ग्लायोमाचाच सगळ्यात आक्रमक प्रकार) ऑपरेशन झालं, मग रेडिएशन आणि गोळ्या. आता दहा महिन्यांनी त्याच जागी परत पांढरा डाग. एक डॉक्टर म्हणतात गाठ परत आली, दुसरे म्हणतात रेडिएशनने जळलेला भाग आहे. आम्ही कोणाचं ऐकायचं?

उत्तर: माझ्या मते न्यूक्लियर स्कॅन मेंदूत सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो इथे, पहिल्यांदा डाग सापडतो तेव्हापेक्षाही जास्त.

रेडिएशननंतर दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. उपचार संपल्यावर पहिल्या साधारण तीन महिन्यांत एमआरआयमध्ये डाग मोठा दिसायला लागतो आणि नंतर काही न करता आपोआप उतरतो, याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, म्हणजे वाढ झाल्याचा नुसता भास. दुसरी गोष्ट सावकाश येते, काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही, ती म्हणजे रेडिएशन नेक्रोसिस, तिथला मेंदूचा भाग मरतो, सुजतो, रक्तवाहिन्या झिरपतात. दहा महिने झालेत म्हणजे तुमच्या भावाच्या बाबतीत ही दुसरी शक्यता आणि गाठ परत येण्याची शक्यता, दोन्ही खऱ्या आहेत. चुकीच्या बाजूला गेलं तर दोन्हीकडे नुकसान आहे हो, मेलेल्या भागाला गाठ समजून चालू असलेली, काम करत असलेली औषधं बंद केली जातात, किंवा गाठीला जळकं समजून हातचे महिने जातात.

मेलेला भाग अमिनो ॲसिड फारसं घेत नाही, जिवंत गाठ घेते. म्हणून शक्य असेल तर एफईटी, मेथिओनिन किंवा एफ-डोपा. एफडीजीच उपलब्ध असेल तर तो मेंदूच्या वरच्या थराच्या चमकेत बुडू शकतो, तिथे एक युक्ती करता येते: इंजेक्शननंतर नेहमीच्या वेळेला एक फोटो आणि काही तासांनी दुसरा, कारण निरोगी भागातून एफडीजी हळूहळू उतरतं आणि गाठीत ते टिकून राहतं, फरक वाढतो. मात्र ज्यांनी रिपोर्ट वाचायचा त्यांनी हे ठरवूनच करायला हवं, नंतर मागून काही होत नाही.

आता कटू भाग. बहुतेक वेळा त्या डागात दोन्ही असतं, मेलेला भाग आणि त्यात कुठेतरी जिवंत गाठीचे पुंजके, त्यामुळे 'गाठ की जळकं' या प्रश्नाला खरं उत्तर 'कशाचं प्रमाण जास्त' असं असतं. रेडिएशननंतर तिथे सूज आणि दुरुस्तीच्या पेशी पण असतात, त्या थोडा ट्रेसर घेतात आणि आकडा मधेच कुठेतरी लटकतो. अशा वेळी मी रिपोर्टमध्ये तसंच लिहिते आणि काही आठवड्यांनी तोच ट्रेसर, शक्यतो तेच मशीन वापरून परत स्कॅन करा म्हणते, कारण एका फोटोपेक्षा दोन फोटोंतला फरक जास्त बोलतो. ऑपरेशनच्या आधी पेट झाला होता का ते शोधा. झाला असेल तर त्याची सीडी घेऊन जा, नुसता छापील रिपोर्ट नको. आणि दोन डॉक्टरांपैकी एक निवडू नका, दोघांना आणि स्कॅन वाचणाऱ्याला एका ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे सगळे तज्ज्ञ मिळून केस बघतात त्या, मीटिंगमध्ये बसवता येतंय का बघा.

प्रश्न: या रेडिएशनची भीती वाटते. आणि मला डायबेटिस पण आहे. तयारी काय करायची?

उत्तर: मेंदूच्या एफडीजी पेटमध्ये ट्रेसरमुळे मिळणारा डोस काही मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) इतका असतो. निसर्गातून माणसाला वर्षभरात जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, त्यावरून अंदाज करा. सोबत सीटी असेल तर त्याचा थोडा वेगळा. फ्लोरिन-१८ चं गणित सोपं आहे, ११० मिनिटांत अर्धं, मग त्याचं अर्धं, असं करत साधारण १८ तासांनी जेमतेम हजारावा भाग उरतो. पाणी भरपूर प्या, लघवीला जात राहा. गरोदर असाल, तशी शंका जरी असेल, किंवा बाळ अंगावर पीत असेल तर मात्र आधी सांगायलाच हवं.

डायबेटिसबद्दल: एफडीजी साखरेचीच नक्कल असल्यामुळे रक्तात साखर जास्त असली की ती दोघं एकमेकांशी भांडतात आणि फोटो फिका येतो. किमान चार ते सहा तास उपाशी राहायचं, पाणी चालतं, आणि इन्सुलिन किंवा गोळ्या त्या दिवशी कशा घ्यायच्या ते सेंटरला फोन करून आदल्या दिवशीच ठरवा, मनाने बंद करू नका. इंजेक्शननंतर शांत, अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगतात ते उगीच नाही, मोबाइल बघितलात तर डोळ्यांचं काम करणारा मेंदूचा मागचा भाग साखर ओढतो. फिटांची औषधं अजिबात चुकवू नका.

प्रश्न: पेटमध्ये 'कॅन्सरची शक्यता कमी' आलं तर बायोप्सी टाळता येईल ना? सासऱ्यांच्या कवटीला छिद्र पाडायची कल्पनाच सहन होत नाही.

उत्तर: काही वेळा टाळता येते. मेंदूच्या आवरणातली मेनिंजिओमा नावाची गाठ सहसा एमआरआयवरच ओळखू येते, शंका उरली तर गॅलियम-६८ डोटाटेट नावाचा ट्रेसर असतो, मेनिंजिओमाच्या पेशींवर त्याला पकडणारे रिसेप्टर भरपूर असल्यामुळे ती ठळक दिसते. गाठ मेंदूच्या देठात, अशा जागी असेल की सुई घालणंच जास्त धोक्याचं, तिथेही स्कॅनवर भिस्त ठेवून पुढे जावं लागतं.

पण ग्लायोमाची शंका असेल तर नुसत्या थंड स्कॅनवर निवांत बसू नका असंच सांगेन. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात गाठीचं नाव ठरतं ते तिच्या जनुकांवरून पण, आयडीएच नावाचं जनुक बदललेलं आहे की नाही, १पी-१९क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे गेलेत की नाही, आणि हे कुठल्याही स्कॅनमध्ये खात्रीने कळत नाही, त्याला तुकडाच लागतो. उपचार त्यावर ठरतात. स्कॅनचा उपयोग इथे वेगळा होतो. गाठ सगळीकडे सारखी नसते, एका कोपऱ्यात ग्रेड २ आणि दुसऱ्यात ग्रेड ४ असू शकते, आणि सुई नेमकी मंद भागात गेली तर रिपोर्ट खोटा दिलासा देणारा येतो. पेटमध्ये जो कोपरा सगळ्यात गरम आहे तो एमआरआयवर बसवून सर्जनला दिला की सुई तिथे जाते, आणि एकदाच जावी लागण्याची शक्यता वाढते.

सासऱ्यांचं छिद्र पाच-सहा मिलिमीटरचं असेल, बऱ्याच ठिकाणी भूल पण जागेपुरतीच देतात. पेट झाला असेल तर बायोप्सीच्या आधी सर्जनना एवढंच विचारा, की पेट आणि एमआरआय एकावर एक बसवलेत का, आणि सुई कुठल्या बिंदूवर जाणार ते मला स्क्रीनवर दाखवाल का.